ट्रायटेनियम विसरा, स्टारशिप भांड्यांच्या स्टीलचं आहे

स्टार ट्रेक बघणाऱ्यांना ट्रायटेनियम आणि ड्युरेनियम ही नावं माहीत असतातच. एंटरप्राइज यानाचं कवच याच काल्पनिक धातूंचं. कथेत त्यांना एकच काम असतं, ते म्हणजे प्रचंड मजबूत असणं. वेल्डिंग कसं करायचं, किलोचा भाव काय, हे कोणी विचारत नाही.

खरं यान बांधताना मात्र हेच प्रश्न आधी येतात. स्पेसएक्सने स्टारशिपसाठी सुरुवातीला कार्बन फायबर निवडलं होतं. हलकं, मजबूत आणि दिसायलाही भारी. 2018 च्या शेवटी इलॉन मस्कने ते बाजूला ठेवून स्टेनलेस स्टील घेतलं. आधी 301, मग 304 च्या घराण्यातलं. हो, तेच 304, ज्याची आपल्या घरात भांडी असतात.

तेव्हा मलाही हसू आलं होतं. पण हिशेब बघा. मस्कने दिलेल्या आकड्यांनुसार कार्बन फायबर किलोला साधारण 135 डॉलर, त्यातलंही 35 टक्के कापाकापीत वाया. स्टील 3 डॉलर! शिवाय खरी परीक्षा तापमानाची आहे. आत टाकीत उणे 183 अंशांचा द्रव ऑक्सिजन, आणि परतताना बाहेर नुसती आग. साधं लोखंडी स्टील एवढ्या थंडीत ठिसूळ होतं, हे स्टील उलट आणखी मजबूत होतं. ॲल्युमिनियम 200 अंशांच्या आसपास ढिलं पडायला लागतं, हे त्याच्या कितीतरी पुढे तग धरतं. जून 2024 च्या चौथ्या उड्डाणात एक फ्लॅप जळताना लाइव्ह दिसत होता, तरी यान हिंदी महासागरात हळुवार उतरलं. ट्रायटेनियमचं कौतुक करणाऱ्यांनी तो व्हिडिओ एकदा बघाच.

मग 2025 मध्ये इतके स्फोट का झाले? प्रत्येक वेळी कमेंटमध्ये हमखास कोणीतरी लिहायचं, "स्टीलच वापरलंय, फुटणारच." हे मला अजिबात पटत नाही. जानेवारीत सातव्या उड्डाणात अपेक्षेपेक्षा जास्त कंपनं झाली, इंधन गळलं आणि आग लागली. मार्चमध्ये इंजिनात बिघाड. जूनमध्ये यान चाचणीच्या जागेवरच उडालं, आणि संशय होता तो आतल्या नायट्रोजनच्या टाकीवर. ती टाकी कशाने गुंडाळलेली असते माहितीये? कार्बन फायबरसारख्या कंपोझिटने! बाहेरचा पत्रा यात कुठेच आरोपी नाही. पाइप, व्हॉल्व्ह, दाब, कंपनं, हे सगळं सिनेमात दिसत नाही, म्हणून आपल्याही लक्षात येत नाही.

फोनच्या जाहिरातीत आपण असेच फसतो. 2023 मध्ये आयफोन 15 प्रो आला, तेव्हा टायटॅनियमचा केवढा गाजावाजा! 2025 च्या 17 प्रोमध्ये ॲपल ॲल्युमिनियमवर परतलं. कारण टायटॅनियम उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि आत प्रोसेसर तापतोय.

ऑगस्ट 2025 मध्ये दहावं उड्डाण यशस्वी झालं, पण परत आलेलं यान चक्क नारिंगी दिसत होतं. त्यावर थोड्या धातूच्या टाइल्स प्रयोग म्हणून लावल्या होत्या, त्यांचं ऑक्सिडेशन होऊन तो रंग पसरला, असं मस्कने सांगितलं. म्हणजे आपल्या भाषेत गंजच. त्या धातूच्या टाइल्स काही टिकल्या नाहीत, त्यामुळे भर अजूनही सिरॅमिकच्या टाइल्सवरच आहे.