मांजराच्या गळ्यातला नंबर

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा प्रश्न. माणसांपुढचा प्रश्न त्याहून साधा आहे: जे मांजर घराबाहेर पडतच नाही, त्याच्या गळ्यात पट्टा असावा की नसावा? वाचणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतील, हा काय लिहायचा विषय झाला? गोव्यात रस्ते, खाणी, म्हादई एवढं सगळं पडलेलं असताना? मान्य. पण मी गेल्या महिन्यात आदिलाबादला मावसबहिणीकडे आठ दिवस राहून आलो, आणि त्यातले दोन दिवस तिच्या घरात याच प्रश्नावरून जेवणाच्या ताटावर भांडण चाललं होतं. भांडणात मीही होतो. तिथे माझं पुरतं बोलून झालं नाही, ते आता इथे बोलतो.

आदिलाबाद म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं, लांबचा तेलुगू मुलूख. तसा तो आहेही, तेलंगणात आहे. पण हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी म्हणून इकडे आले आणि बाकीचा जिल्हा आंध्रात गेला. बाकी राहिलेल्यांत मराठी माणसं भरपूर होती, आजही आहेत. बाजारात भाजीवालीशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी हिंदी, घरात मराठी, आणि शहराबाहेर पडलात की गोंडी कानावर येते. हे सगळं लांबण लावून सांगतोय, कारण पुढे मांजराचा जीव याच गोष्टीत अडकला.

ताईचं मांजर म्हणजे शेवंती. करडी, पट्ट्यापट्ट्यांची, पांढऱ्या पायांची. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं राहिली, उंबरा कधी ओलांडला नाही. गॅलरीला जाळी आहे. मी जायच्या थोडेच दिवस आधी गॅसची टाकी द्यायला माणूस आला, दार उघडं राहिलं, टाकी दाणकन आपटली आणि शेवंती जिन्यावरून खाली गेली. अकरा दिवस सापडली नाही. भाचीने शाळा बुडवून गल्ल्या पालथ्या घातल्या. ताईने ‘मांजर हरवले आहे’ असे कागद मराठीत आणि शेजाऱ्याकडून तेलुगूत लिहून खांबांवर चिकटवले. सापडली ती घरापासून जेमतेम तीनशे पावलांवर, एका जिनिंग मिलच्या आवारात. आदिलाबाद हे कापसाचं गाव, अशा गिरण्या तिथे वस्तीला लागून आहेत. तिथला राखणदार तिला पाचव्या दिवसापासून आपल्या डब्यातला भात घालत होता.

आता ऐका. त्या राखणदाराला पहिल्याच दिवशी कळलं होतं की हे मांजर घरातलं आहे. भात जमिनीवर टाकला तर खात नव्हतं, पानावर ठेवला तर खात होतं. ट्रक आला की कापसाच्या गाठीमागे थरथरत बसायचं. पण घरातलं म्हणजे कोणाच्या घरातलं? गिरणीच्या फाटकासमोरच्या खांबावर ताईचा कागद होता. राखणदार गोंड. त्याला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, आणि मराठी वाचण्याचा तर प्रश्नच नाही. मोबाइल मात्र त्याच्या खिशात होता आणि आकडे त्याला बरोबर ओळखता येत होते. भाचीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील त्या गिरणीत हिशेबाला नसते, तर शेवंती आजही तिथेच असती, किंवा एखाद्या ट्रकखाली.

आपण गोव्यातली माणसं लिपीवरून किती भांडलोय! मराठी की कोंकणी, देवनागरी की रोमी, यावर घरंच्या घरं फुटली. पण दहा आकड्यांच्या मोबाइल नंबरावरून कोणाचं भांडण झालेलं मी ऐकलं नाही. शेवंतीच्या गळ्यात तेवढे दहा आकडे असते तर काम पाचव्या दिवशीच झालं असतं.

हे मी जेवताना बोललो आणि भावोजींनी घास खाली ठेवला. भावोजी मनाने मोठे, आणि मांजरावर त्यांचाच जीव जास्त. अकरा दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं. पण पट्टा म्हटल्याबरोबर म्हणाले, “कायले पाहिजे पट्टा? कुत्र्याले पट्टा असतो. मांजर हा स्वतंत्र प्राणी आहे. घरातल्या मांजराच्या गळ्यात पट्टा म्हणजे आपल्याच माणसाच्या छातीवर कैद्याचा बिल्ला. दार लावलं की झालं.”

हाच तो युक्तिवाद. शब्द वेगळे असतील, पण पणजीपासून पुण्यापर्यंत मांजरवाल्यांच्या तोंडी मी तोच ऐकत आलोय. मला त्याची चीड एवढ्यासाठी येते की तो दिसायला फार उदात्त आहे. मांजराचं स्वातंत्र्य! गॅलरीला जाळी ठोकताना ते कुठे गेलं होतं? डॉक्टरकडे नेऊन पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं तेव्हा तिला विचारलं होतं? तिचं आभाळ सहा फूट बाय चार फुटांचं आपणच केलं. ते योग्यच केलं, मी त्याच्या विरुद्ध नाही, रस्त्यावरची मांजरं कशी मरतात ते मी बघितलंय. पण एकदा एवढं सगळं तिच्या वतीने ठरवल्यावर गळ्यातल्या बोटभर पट्टीपाशी येऊन स्वातंत्र्याच्या गप्पा मारायच्या, याला मी ढोंग म्हणतो. आणि “दार लावलं की झालं” हे तर ऐकवतच नाही. दार आपण लावतो, उघडं दुसरा कोणीतरी ठेवतो.

गंमत म्हणजे त्याच जेवणात, भाताच्या आधी, भावोजी मला ‘वॉकर’ची गोष्ट रंगवून सांगत होते. तो वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मला. पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, पलीकडे टिपेश्वर. भीमपूर मंडळातल्या लोकांना नदी ओलांडून येणारे वाघ नवे नाहीत. पण याच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बसवली होती. जूनमध्ये तो निघाला. महाराष्ट्रातले जिल्हे आणि तेलंगणाचा हा भाग तुडवत, सुमारे नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. शेतं, कालवे, हमरस्ते, गावं ओलांडली, आणि त्याच्या ५,००० च्या वर जागा नोंदल्या गेल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याचा पट्टा काढण्यात आला. भावोजी हे अशा अभिमानाने सांगत होते की जसा वाघ त्यांच्याच घरचा.

मी म्हटलं, “भावोजी, या राज्यातून त्या राज्यात फिरणारा वाघ कुठे आहे हे कळलं ते पट्ट्यामुळेच ना? तेव्हा तुम्हाला कैद्याचा बिल्ला आठवला नाही?”

“तो वाघ आहे,” ते म्हणाले.

म्हणजे वाघाला चालतो, त्याच्या मावशीला चालत नाही. वास्तविक उलटं असायला हवं. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे निराळे असतात, झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यातल्या फोटोवरून जाणकार त्याला ओळखतात. शेवंतीच्या अंगावरही तसे पट्टे आहेत, पण ते ओळखणार कोण? परक्या माणसाला सगळी करडी मांजरं सारखीच. बाहेर हिंडणाऱ्या बोक्याला निदान गल्ली ओळखते: हा कामतांचा, हा फर्नांडिसांचा. घरातलं मांजर कोणीच पाहिलेलं नसतं, शेजाऱ्यानेसुद्धा. बाहेर पडलं की ते भेदरून कोपऱ्यात बसतं, हाक ऐकूनही ओ देत नाही, आणि लांबही जात नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सापडलेल्या मांजरांपैकी तीन-चतुर्थांश हरवल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच सापडली होती. म्हणजे ते जवळच असतं, कोणीतरी त्याला बघतही असतं, फक्त ते कोणाचं हे त्या बघणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून पट्ट्याची गरज बाहेर जाणाऱ्या मांजरापेक्षा न जाणाऱ्याला जास्त.

इतका वेळ मी फार शहाण्यासारखं बोलतोय, तर एक सांगून टाकतो. सहा वर्षांपूर्वी मीसुद्धा भावोजींच्याच बाजूला होतो. आमच्याकडे काळी मांजर होती, पूर्ण घरातली. बायको म्हणाली होती, पट्टा आणूया. मी म्हटलं, कशाला? नरकासुराच्या रात्री पहाटे पहाटे वाड्यावरच्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची सैल झालेली जाळी ढकलून ती गेली. पुढे महिन्याने मासळी बाजाराजवळच्या एका म्हातारीने सांगितलं, दिवाळीत एक काळं माजर तिच्या पडवीत चार दिवस होतं, बांगड्याचं डोकं खायचं, मग एकदा दिसेनासं झालं. तिने आसपास विचारलंही होतं. ते आमचंच होतं की दुसरं, हे मला कधी कळणार नाही. काळी मांजरं गावात डझनभर आहेत. ऑफिसात मी दिवसभर आवक-जावक क्रमांक घालतो, क्रमांकाशिवाय कागद टेबलावरून हलू देत नाही. आणि घरातलं जितंजागतं जनावर मी बिनक्रमांकाचं सोडलं होतं.

आता विरुद्ध बाजूचा एकच मुद्दा मला खरा वाटतो, आणि तो भावोजींनी नव्हे, ताईने काढला: पट्टा अडकून गळफास बसला तर? ही भीती खोटी नाही. मांजर अरुंद जागेत शिरतं, उडी मारतं, चाटता चाटता खालचा जबडा पट्ट्यात अडकवून घेतं, पुढचा पाय आत घालतं आणि मग काखेत जखम होते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २०१० मध्ये ५३८ मांजरांवर सहा महिन्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ३९१ मांजरांनी पूर्ण सहा महिने पट्टा घातला. पाय किंवा जबडा अडकणं, पट्टा कुठेतरी गुंतणं, असा त्रास १८ जणांना झाला. शंभरात तीन-चार. कमी आहे, पण शून्य नाही.

म्हणूनच पट्टा कुठला हे महत्त्वाचं. कुत्र्याच्या पट्ट्याचं बक्कल मांजराला कधीही नको. ताण बसला की आपोआप सुटणाऱ्या चापाचा पट्टा मिळतो, तोच घ्यायचा. विकत घेतल्यावर हाताने ओढून बघायचा, सुटला नाही तर परत करायचा. गळा आणि पट्टा यांत दोन बोटं जायला हवीत, जास्त सैल असला तर पाय अडकतो. पिल्लू वाढत असेल तर दर आठवड्याला बघायचं. नंबर पट्ट्यावरच पक्क्या शाईने लिहायचा, लोंबतं काही नको. आणि घंटा तर मुळीच नको. घरात ती कोणाला सावध करणार, झुरळांना? आपल्याकडे खरा धोका आहे तो हौशी लोकांचा. पट्ट्याला नाक मुरडतात आणि दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा बांधतात, चवथीला लाल रिबीन आणि घुंगरू बांधून फोटो काढतात. तो दोरा सुटत नाही, तुटत नाही, आणि त्यावर नंबरही नसतो. फास म्हणायचा तर तो आहे.

चिपचं नाव निघालंच, भाचीने काढलं. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या प्रत्येक पाळीव मांजराला कातडीखाली चिप सक्तीची झाली, कधीच बाहेर न जाणाऱ्या मांजरालासुद्धा. नसेल तर ५०० पौंडांपर्यंत दंड. बघा, घरातलं मांजरही हरवतं हे तिथल्या कायद्याने धरून चाललंय. चिप चांगलीच, गळून पडत नाही, परवडत असेल तर दोन्ही करा. पण ती वाचायला यंत्र लागतं, आणि यंत्रापर्यंत मांजर नेणारा माणूस लागतो. जिनिंग मिलच्या राखणदाराकडे कंदील आणि काठी होती. माझ्या मासळी बाजारातल्या म्हातारीकडे तेही नसावं.

भावोजी पटलं असं म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हात पुसत म्हणाले, “नंबर माझा लिहा. हिचा फोन कधी लागतच नाही.” भाचीने निळा पट्टा आणला होता, चाप ओढून बघितला, नंबर लिहिला. शेवंतीने दोन दिवस मागच्या पायाने खसाखसा खाजवलं, उलटी-सुलटी झाली, एकदा कपाटावर जाऊन रुसून बसली. मग विसरली.

काल ताईचा फोन आला. पट्टा पलंगाखाली पडलेला सापडला, पलंगाच्या तारेत अडकून चाप सुटला होता. मागून भावोजींचा आवाज, “सांग त्याले, पडला म्हणून!” मी म्हटलं, भावोजींना सांग, तो पडावा म्हणूनच घेतला होता. परत घाला.