बेडकाची रात्र, बाईची रात्र

गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी आरोंद्याहून आंबोलीला निघाली. कशाला? रात्री रानात बेडकांचे फोटो काढायला. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, "सोबत कोण?" मिरगाच्या पहिल्या पावसात आमच्याकडचे पुरुष बॅटऱ्या घेऊन खाण्यासाठी बेडूक धरायला जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. तरी त्यांना "रात्री कुठे होतास?" असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

रात्र धोक्याची नाही असं मी म्हणत नाही. पण चापडा साप बाई-पुरुष पाहून चावत नाही, त्याला गमबूट आणि सावध पाऊल हाच उपाय. बाईला भीती असते ती माणसांची. मग कोंडायचं बाईलाच, हा कुठला न्याय?

पोरी तिघी होत्या. एका ठिकाणी "एकट्या मुलींना खोली देत नाही" असं उत्तर मिळालं. (तिघी असूनही एकट्या!) शेवटी एका घरी सोय झाली.

त्यांना हवा होता मलबारी उडता बेडूक. पावसाळी रात्री पाण्याकाठच्या झाडांवर नर ओरडतात, त्या आवाजावरून फोटोवाले त्यांना शोधतात. मादी नराहून मोठी, पण बहुधा गप्प. पाण्यावर वाकलेल्या पानांत मागच्या पायांनी फेस घुसळून ती अंड्यांसाठी घरटं करते. पिल्लं पुढे खाली पाण्यात पडतात. फोटो मात्र जास्त करून ओरडणाऱ्याचेच! आणि चांगल्या फोटोपायी बेडूक हाताने उचलून दुसऱ्या पानावर ठेवणारे, तोंडावर फ्लॅशमागून फ्लॅश मारणारेही असतात. ते पोरींनी केलं नाही, याचं मला बरं वाटलं.

त्या घरातली वहिनी पाहुण्यांसाठी अकरापर्यंत भाकऱ्या थापते. बेडूक बघायला ती कधी गेली नव्हती. पण फेसाचं नाव निघताच म्हणाली, "तो व्हय? आमच्या टाकीवर लोंबता. मी धुणं धुताना त्याका हात लावूक देत नाय कोणाक."

आंबोलीत फोटोवाल्यांना वाट दाखवून पुरुष चार पैसे मिळवतात. वाटाड्यांचं प्रशिक्षण घेणाऱ्यांनी, वनखात्यानेही, या बायकांना बोलवावं आणि मजुरी पुरुषांइतकीच द्यावी.

पुतणीने तिसरी बॅटरी वहिनीच्या हातात दिली. आतून नवऱ्याचा आवाज आला, "आणि पानां कोण वाढतला?" वहिनीने पायात गमबूट घातले.