जमेची बाजू

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठच्या थरांत ज्वालामुखीची राख व अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे सापडली. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून उडालेली ही राख येथवर आली होती. तिच्या वयाविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु पिढ्यान्‌पिढ्या पायांखाली असलेल्या या ठेव्याचे मोल डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो निरखून पाहिला तेव्हाच कळले.

आमच्या मुलांच्या कर्तृत्वाचेही असेच आहे. कांदाकाढणीत आईला हातभार लावूनही शाळा न बुडविणारी मुलगी, धाकट्या भावाला वाचावयास शिकविणारा मुलगा, यांच्या कामगिरीची नोंद कोठेच होत नाही. नोंद होते ती गणितात कमी पडलेल्या गुणांची. वर्षानुवर्षे स्वतःविषयी उणेच वाचावे लागणाऱ्या मुलास आपल्या ठायी काही अधिक आहे, याचा प्रत्यय यावा तरी कसा?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सर्वांगीण प्रगतिपत्रकाची कल्पना मांडून, त्यात विद्यार्थ्याने स्वतःचेही मूल्यमापन करावे असे सुचविले, हे योग्यच झाले. तथापि आम्हांस एक भय वाटते. आम्ही शिक्षक असताना ‘प्रगती समाधानकारक’ हा शेरा कित्येकदा मुलाचा चेहराही न आठवता लिहिला आहे. उद्या नव्या रकान्यात फळ्यावरचे एकच वाक्य सारा वर्ग उतरवून घेणार असेल, तर कागद तेवढा बदलेल.

यासाठी फार खर्च नको. एक वही आणि आठवड्यातून १५ मिनिटे पुरेत. पूर्वी न जमलेले काय जमले, कोणत्या प्रयत्नाने जमले, कोणाचे साहाय्य झाले, एवढे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे. त्यास गुण नसावेत, शेजाऱ्याशी तुलना नसावी. यश लहान असले तरी चालेल, ते खरे असले पाहिजे.

यामुळे मुले गर्विष्ठ होतील, असा आक्षेप कोणी घेतील. तो आम्हांस मान्य नाही. शाबासकीच्या खैरातीने गर्व वाढतो. आपल्या प्रयत्नांचा प्रामाणिक हिशेब ठेवणारास आपली उणीवही दिसते, आणि ती भरून काढता येते हेही दिसते.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, निकालाच्या दिवशी गुण विचारण्यापूर्वी त्यांनी ती वही मागावी. खर्चाची बाजू मुलांना सारे जगच दाखवील; जमेची बाजू दाखविणे हे घराचे आणि शाळेचे कर्तव्य होय.