कपाटातला आश्विन

माझी एक जुनी विद्यार्थिनी जर्मनीत असते. मराठीत एम. ए. केले, मग भाषांतराचा एक अभ्यासक्रम केला, आणि आता पोटासाठी ती तिकडे काहीतरी निराळेच करते. २०२४ च्या दिवाळीच्या आसपास तिचे पत्र आले. प्रश्न साधा होता. "सर, वाळवलेला माल काचेच्या बरणीत भरून काही आठवडे ठेवतात, रोज झाकण उघडून थोडा वारा देतात. याला 'मुरवणे' म्हटलेले चालेल का? की मुरवणे फक्त लोणच्याचे?" सोबत सोळा पानांची टिपणवही होती. वर शीर्षक : 'पहिली लागवड, थोड्या खर्चात'. लागवड गांजाची होती.

वाचकाने दचकू नये. त्या वर्षी १ एप्रिलपासून जर्मनीच्या कायद्याने प्रौढ माणसाला राहत्या घरी तीन झाडे वाढवायची मुभा दिली आहे. बी युरोपीय संघातल्या देशांतून टपालाने मागवता येते. घरात मुले असतील तर झाडे त्यांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते. विकायचे नाही, दुसऱ्याला द्यायचेही नाही, आणि घरात वाळलेला माल ५० ग्रॅमपेक्षा जास्त ठेवायचा नाही. तेव्हा माझी विद्यार्थिनी जे करत होती ते तिच्या गावी बाल्कनीत टोमॅटो लावण्याइतके कायदेशीर होते. तेच पान मराठीत लिहून ती मला पुण्यात पाठवते, तेव्हा त्या पानाचे काय होते, हा माझा प्रश्न आहे.

आधी त्या वहीबद्दल. जुन्या बाजारातून आणलेले कपड्यांचे कपाट, त्याला आतून पांढरा रंग, शंभर वॉटचा एक एलईडी दिवा, पंचवीस रुपयांच्या आपल्या घड्याळासारखा दिसणारा एक टायमर, लहान पंखा, तीन कुंड्या. सर्वांत अनपेक्षित खर्च वास अडवणाऱ्या कोळशाच्या गाळणीचा. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून. पानाच्या डाव्या बाजूला मजकूर आणि उजव्या बाजूला युरोंचा जमाखर्च, आपल्या घरी किराणाच्या वहीत असे तसा. विजेचा हिशेब तर तिने फारच मनापासून केला आहे. पहिला महिनाभर रोज अठरा तास म्हणजे ५४ युनिट, पुढचे दोन महिने रोज बारा तास म्हणजे ७२ युनिट, एकूण १२६. प्रत्येक युनिटला तिकडे साधारण पस्तीस-चाळीस सेंट पडतात. थोड्या खर्चाच्या लागवडीत माती नव्हे, बी नव्हे, मीटर हा खलनायक असतो, हे तिचे वाक्य नसले तरी सगळ्या वहीचा भाव तोच आहे.

आणि तीनांपैकी एक झाड तिने मारले. कशाने, तर पाणी घालून. नवख्यांचा हा सर्वांत नेहमीचा अपराध असतो असे या विषयावरची सगळी पुस्तके सांगतात. पण तिने जे कारण लिहिले आहे ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. "रोज सकाळी अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायची लहानपणापासूनची सवय. हात आपोआप जातो." मराठीत 'तुळशीत भांग' ही म्हण आहे, 'भांगेत तुळस' हीही आहे. चांगल्यात वाईट निपजले किंवा वाईटात चांगले निपजले की आपण ती वापरतो. दोन्ही म्हणींत ती दोन झाडे एकमेकांची शत्रू आहेत. इथे मात्र एक झाड दुसऱ्याच्या सवयीने मेले. तुळशीची मंजिरी खुडली की झाड फोफावते हे आजीने शिकवलेले तिला आठवत होते. या झाडात तर मंजिरीसाठीच सारा खटाटोप.

मला त्या वहीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला घेतले. वही विध्यर्थात आहे. दिवा अठरा तास ठेवावा. माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. पाने पिवळी पडल्यास घाबरू नये. हा आपल्या पाककृतींचा जुना सूर आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली आले, तेव्हापासून मराठी बाई स्वयंपाकाबद्दल लिहिते ती 'घ्यावे', 'घालावे', 'परतावे' अशी. या क्रियापदांना कर्ता नसतो. चूल कोणाची, हात कोणाचा, कळत नाही. जणू विश्वाचा नियमच सांगितला जात आहे. वहीच्या सातव्या पानापर्यंत हे व्यवस्थित चालते. मग झाड मान टाकते त्या दिवशी एकदम 'मी' येतो. "मी रात्री दोनला उठून कपाट उघडले." आणि लगेच कंसात, "उघडायला नको होते. काळोख मोडला." पुढच्या पानावर पुन्हा 'ठेवावा', 'द्यावे'. कृती सांगणारे गद्य ज्या क्षणी बिघडते, त्या क्षणी त्यातून माणूस डोकावतो. मराठी समीक्षेने असल्या गद्याकडे कधी गांभीर्याने पाहिलेले नाही. पाकपुस्तके, शिवणकामाची पुस्तके, शेतीविषयक पुस्तिका यांचे शैलीविज्ञान कुठे आहे? आपण आत्मचरित्रांवर प्रबंध लिहितो आणि ज्या गद्यावर घरे चालली त्याला 'उपयुक्त वाङ्मय' म्हणून कोपऱ्यात बसवतो. असो.

काळोख मोडला म्हणजे काय, हे सांगायला हवे. हे झाड रात्र मोठी होऊ लागली की फुलोऱ्यावर येते. बाहेर उन्हात ते काम ऋतू करतो. कपाटात टायमर करतो. दिवा अठरा तासांवरून बारा तासांवर आणला की झाडाला वाटते भाद्रपद सरला, आश्विन लागला. मधेच कोणी दार उघडून उजेड दाखवला तर झाड गोंधळते. माझी विद्यार्थिनी रात्री दोन वाजता त्या खोट्या आश्विनात घुसली होती.

हिमालयाच्या उतारावर रस्त्याकडेला तण म्हणून माजणारे झाड कपाटात, विकतच्या सूर्याखाली का वाढवावे लागते? याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात नाही, पोलिसांच्या इतिहासात आहे. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत लोक हे झाड मोकळ्यावरच लावत. १९८३ पासून कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टरने शेते हुडकून उपटण्याची मोहीम सुरू झाली आणि झाड घरात शिरले. त्याच वर्षी होर्हे सर्व्हान्तेस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अमेरिकन बागाइतदाराचे घरातल्या लागवडीवरचे पुस्तक आले, आणि पुढे कित्येक आवृत्त्यांत ते या विषयाची पोथी बनले. टोपणनावात 'डॉन किहोते'च्या कर्त्याचे आडनाव असावे याची मला गंमत वाटते. २६ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेच्या अमली पदार्थ खात्याने दिवे आणि लागवडीचे सामान विकणाऱ्या दुकानांवर देशभर एकाच दिवशी छापे घातले. त्या दुकानांत गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही फक्त 'टोमॅटो'बद्दल बोलत. काव्यशास्त्राच्या वर्गात लक्षणा आणि व्यंजना समजावताना गंगेवरच्या गवळीवाड्याचे उदाहरण आपण हजार वर्षे घासतो आहोत. वाच्यार्थ टोमॅटोचा आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळणारा अर्थ दुसराच, असे जिवंत उदाहरण हाताशी असताना ते वापरायचे धाडस मात्र होत नाही. मायकेल पोलन यांच्या 'द बॉटनी ऑफ डिझायर' या २००१ च्या पुस्तकात हा सारा स्थलांतराचा इतिहास चांगला आला आहे. स्वतः पोलन यांनी तरुणपणी बागेत दोन झाडे लावली होती आणि जळाऊ लाकडे टाकायला येणारा गृहस्थ नेमका गावचा पोलीसप्रमुख निघाला, ही हकीगत त्यात आहे. ती वाचून मुले हसतात. इंग्रजीत असली की हसतात.

या घुसमटीची किंमत फक्त लाइटबिलात मोजून चालणार नाही. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी २०२१ साली काढलेला हिशेब असा की घरात, म्हणजे बंदिस्त जागेत व्यापारी पद्धतीने वाढवलेल्या एक किलो वाळक्या गांजामागे, अमेरिकेत जागेगणिक २२८३ ते ५१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. ऊन फुकट असताना.

आता आपल्याकडे. १८९३ साली ब्रिटिश सरकारने हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. त्याने ११९३ साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी अनेक खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा होता की बेताच्या सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि सरसकट बंदी गरजेचीही नाही व शहाणपणाचीही नाही. परवाने आणि कर यांनी नियंत्रण करावे. त्या अहवालात बंगालच्या नौगावच्या गांजाची, खांडव्याची आणि आपल्या अहमदनगर जिल्ह्याच्या लागवडीची सविस्तर वर्णने आहेत. नौगावकडे शेतातली नर झाडे ओळखून उपटणारा एक जाणता माणूस असे, त्याला 'परखदार' म्हणत. नर उपटले की मादी झाडांत बी धरत नाही. कॅलिफोर्नियाच्या बागवाल्यांनी हीच युक्ती शंभर वर्षांनी 'बिनबियांचे' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाने जगभर नेली. परखदार मात्र अहवालातच राहिला. विद्यार्थिनीला मी हा शब्द कळवला तेव्हा तिने उलट टपाली विचारले, "सर, मराठीत याला काय म्हणत असतील? नगरकडे कोणीतरी हे काम करत असणारच." माझ्याकडे उत्तर नव्हते. झाडाबरोबर धंदा गेला आणि धंद्याबरोबर शब्द.

कारण १९८५ चा कायदा. त्याने गांजाच्या झाडाची लागवड गुन्हा ठरवली. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. नुसती पाने त्याच्या व्याख्येतून सुटली, म्हणून महाशिवरात्रीची भांग सुटली. तेव्हापासून मराठीत या झाडाबद्दल लिहायचे ते फक्त दोन जागी : म्हणींत आणि गुन्हेवृत्तात. कपाशीत किंवा तुरीत लपवलेली झाडे 'जप्त' होतात, 'मुद्देमाल हस्तगत' होतो, आणि अलीकडे मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेला 'हायड्रोपोनिक गांजा' सापडतो. घरात दिव्याखाली झाड वाढवण्याच्या कलेचा आपल्या भाषेत प्रवेश झाला तो असा, कस्टम्सच्या पत्रकातून. मूळ शब्दच पाहा. 'अंमल' म्हणजे सत्ता आणि 'अंमल' म्हणजे नशाही. पेशव्यांचा अंमल, भांगेचा अंमल. आज या विषयाच्या सगळ्या मराठीवर एकाच अंमलाची मालकी आहे.

याला एक अपवाद मला ठाऊक आहे, तो म्हणजे एक अर्ज. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, गांजाला मिळतो, म्हणून. ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून लागवड करीन, असेही त्यात होते. वृत्तपत्रांनी तो स्टंट म्हणून छापला. मला विचाराल तर अलीकडच्या मराठी उपरोधाचा तो उत्तम नमुना आहे, आणि सरकारी अर्जाच्या भाषेची एकही मर्यादा न ओलांडता साधलेला. जर्मनीतल्या कपाटात अवांतर छंद म्हणून जे चालते ते इथल्या दोन एकरांत पोट म्हणून मागितले जाते, ही तफावत त्या अर्जाने एका ओळीत उभी केली.

मी ती वही आणि तो अर्ज, दोन्ही एकत्र, भाषांतराच्या वर्गात वाचायला घेतले होते. वहीतली चार पाने, नाव वगळून. 'लावणे', 'पिकवणे', 'जोपासणे', 'पोसणे' या चार क्रियापदांत काय फरक आहे, यावर इतकी चांगली चर्चा त्या वर्गात पूर्वी कधी झाली नव्हती. एक मुलगा म्हणाला, शेतकऱ्याने 'लागवड' लिहिले आणि ताईंनी 'जोपासना' लिहिले, यातच सगळे आले. दुसऱ्या आठवड्यात मला बोलावणे आले. पालकांपैकी कोणी विचारणा केली होती. मला सांगण्यात आले की हेतूबद्दल शंका नाही, पण पाने परत घ्यावीत.

मी ती परत घेतली. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. समोरच्या माणसाचे म्हणणे खोटे नव्हते. वर्गात अठरा-एकोणीस वर्षांची मुले असतात, कोवळ्या वयात या सवयीने मनाचे नुकसान झालेली दोन घरे मी जवळून पाहिली आहेत, आणि कृती सांगणारे गद्य निरुपद्रवी असते असे म्हणणे म्हणजे त्याचा अपमान आहे. ते काम करते म्हणूनच ते गद्य आहे. पण मग अर्जही का परत घ्यायला लावला? त्यात कुठलीच कृती नव्हती. त्यात फक्त भाव नव्हता. वहीपासून मुलांना वाचवायचे होते हे मी समजू शकतो. अर्जापासून कोणाला वाचवायचे होते, हे मी त्या खोलीत विचारायला हवे होते, आणि विचारले नाही. माझ्या निवृत्तीला तेव्हा तीन वर्षे उरली होती, एवढेच कारण आहे.

'मुरवणे' चालेल, असे मी तिला कळवले. वहीचे शेवटचे पान त्यानंतर आले. दोन झाडांचा वाळलेला माल ५८ ग्रॅम भरला. वरचे आठ ग्रॅम कायद्याप्रमाणे नष्ट करायचे होते. 'नष्ट करावे' तिने आधी लिहिले आहे आणि मग खोडले आहे. खाली लिहिले आहे : "आठ ग्रॅम चुरून कुंडीच्या जुन्या मातीत मिसळले. त्या मातीत आता कोथिंबीर टाकली आहे." उजवीकडच्या रकान्यात कोथिंबिरीच्या बियांचे पैसे मांडलेले नाहीत. धणे घरचे होते.