तुरुंगाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड

फोन आला, व्हिडिओवरची मुलाखत आली आणि तुरुंगात जाणाऱ्या पत्राकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. बाहेर आपण सगळ्यांनीच पत्र लिहायचं सोडलं, मग आत ते जाणार कुठून? फोनबद्दल तक्रार नाही. गडचिरोलीच्या एखाद्या आडगावाहून नागपूर कारागृहात मुलाखतीला यायचं म्हणजे रोज बुडवायचा, तिकिटाला उसने पैसे घ्यायचे. त्या आईला मुलगा पडद्यावर दिसला तरी पुष्कळ. पण फोन मोजक्या मिनिटांचा, तोही नोंदवलेल्या नंबरांवरच. ज्याच्या भावाने ‘आमच्या लेखी तू मेलास’ म्हणून संबंध तोडले, त्याने कोणाचा नंबर नोंदवायचा? त्याच्यापर्यंत पोचणारी वाट उरते ती पोस्टाची. महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी ती बुजू देऊ नये, एवढ्यासाठी हे आवाहन.

भिंतीपलीकडून आलेल्या कागदाने काय होतं, हे आपल्या न्यायालयांनी पाहिलेलं आहे. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. ते छापायला बाहेर पाठवू द्या, एवढीच मागणी. सरकार नाही म्हणालं. आणि अणूवरच्या त्या निरुपद्रवी पुस्तकासाठी सरकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेलं! १९६५ साली तिथे हरलं. पुढे तिहारमधल्या सुनील बत्रा या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, तर न्यायालयाने तीच याचिका मानली. मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांच्या हालांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावर १९८३ मध्ये निकाल आला.

आपलं पत्र एवढं मोठं काही करणार नाही. करायचंही नाही.

‘गुन्हेगारांचे लाड कशाला?’ असं कुणी ना कुणी विचारणारच. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा आहे. कायद्याची मुलं ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे वाक्य परीक्षेत घोटून लिहितात. पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून तारीख हुकली, जामीन झाला पण जामीनदार मिळेना, हे त्यांना पाठ्यपुस्तकात दिसत नाही; कैद्याच्या एका उत्तरात दिसेल. उरले शिक्षा झालेले. त्यांच्यापैकीही बहुतेक जण कधीतरी सुटून आपल्याच गल्लीत राहायला येणार आहेत. मधल्या वर्षांत त्यांच्याशी कोणीच बोललं नाही, तर ते आपल्याला परवडणारं आहे का?

लिहायचं काय, हा प्रश्न मुलांना पडतो. उपदेश नको, ‘खचू नका’ नको. त्याचा गुन्हा विचारायचा नाही. मेसमध्ये आज पुन्हा दुधी होता, एस.टी. घाटात बंद पडली, असलं साधं लिहावं आणि शेवटी एक प्रश्न ठेवावा: तुमच्याकडे दुधीत चणाडाळ घालतात की मूगडाळ? उत्तर द्यायला निमित्त लागतं माणसाला. लिहिता-वाचता न येणाऱ्याला बॅरेकमधला दुसरा कुणी वाचून दाखवतो, त्यामुळे अक्षर सुवाच्य हवं. तुरुंगाचे अधिकारीही पत्र वाचणारच. पोस्टकार्ड तर उघडंच असतं आणि आजही पन्नास पैशांत जातं. खटल्याबद्दल सल्ला देऊ नका, तुम्ही वकील झालेला नाहीत. कुणी मदत मागितली, तर प्राध्यापकांमार्फत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कळवा.

आईवडिलांची, विशेषतः मुलींच्या घरच्यांची काळजी खरी आहे. म्हणून पत्त्यावर महाविद्यालयाचं नाव असावं, घराचा पत्ता आणि मोबाइल नंबर नसावा, आडनावही नको. आणि येणारं-जाणारं प्रत्येक पत्र एका प्राध्यापकांच्या हातून जावं.

माझी भीती वेगळीच आहे. राखीपौर्णिमेला तुरुंगात जाऊन फोटो काढणारे उपक्रम आपल्याकडे उदंड झाले. पत्रांचंही तसं होऊ शकतं: ऑगस्टमध्ये उत्साह, ऑक्टोबरमध्ये परीक्षा, दिवाळीनंतर सामसूम. वाट बघायला लावून गप्प बसण्यापेक्षा सुरूच न करणं बरं. शेवटच्या वर्षाच्या मुलाने जाताना आपला पत्रमित्र दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे सोपवावा आणि तसं पत्रात लिहून कळवावं. हे जमणार असेल तरच उतरा.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनो, सुरुवात तुमच्या टेबलावरून होईल. येरवडा, नाशिक रोड, कळंबा, हर्सूल, अमरावती, नागपूर. जवळचं कारागृह निवडा. प्राचार्यांच्या सहीने अधीक्षकांच्या नावे अर्ज करा, ज्यांना कुणाचीच पत्रं येत नाहीत अशा आणि स्वतःहून तयार असलेल्या बंद्यांची नावं मागा. पहिल्यांदा दहाच पुरेत. परवानगी लांबली तर पुन्हा जा. तोवर मुलांना पोस्टात पाठवून कार्डांचा गठ्ठा आणून ठेवा.