नोकरी गेल्यावर कळतो देश

‘अमेरिका जमली नाही, म्हणून कॅनडा’ हे वाक्य पुण्या-ठाण्याच्या दिवाणखान्यांत इतकं रुळलंय, की आपण एक मत मांडतोय याचं भान बोलणाऱ्यालाही नसतं. त्यामागचा युक्तिवाद सरळ आहे. सॉफ्टवेअरच्या त्याच कामाला अमेरिकेत पगार जास्त. टोरंटो-व्हँकुव्हरची घरं पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेलेली. शिवाय ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स’च्या अटीपायी आपल्याकडचे अनुभवी डॉक्टर, इंजिनियर तिथे पडेल ते काम करतात. यातलं एकही विधान खोटं नाही.

चुकतेय ती मोजपट्टी. पगारावरून तुलना करायची, तर नोकरी टिकणार हे गृहीत धरावं लागतं. ती ज्या दिवशी जाते, त्या दिवसापासून पाहा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी शोधा, दुसरा व्हिसा मिळवा, नाहीतर बाडबिस्तरा आवरा. घराचा हप्ता, मुलांची शाळा, सगळं त्या ६० दिवसांत. कॅनडात ‘पीआर’, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळालेला माणूस कुठल्याच मालकाशी बांधलेला नसतो. त्याची नोकरी गेली तर नोकरीच जाते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘ग्रीन कार्ड मिळेपर्यंत कळ काढायची.’ किती काढायची? नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सुमारे ७ टक्के. २०२५ साली ईबी-२ आणि ईबी-३ या वर्गांतली भारतीयांची रांग २०१३ मध्ये नंबर लावलेल्यांपाशी रखडली होती. एवढ्या काळात मुलं मोठी होतात, आणि एकविशी उलटली की बहुधा आईबापांच्या अर्जातून बाहेर फेकली जातात. एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला २०१५ पर्यंत त्या नात्यावर कामाची परवानगीच नव्हती. आता आहे तीही ग्रीन कार्डाची एक पायरी ओलांडल्यावर. दोन-दोन पदव्या घेऊन न्यू जर्सीत वर्षानुवर्षं घरी बसलेल्या बायकांचा हिशेब त्या घसघशीत पगारातून कोणी वजा करतं का? वर ही रांग पासपोर्ट पाहत नाही, जन्मस्थान पाहते. कोल्हापुरात जन्मलेला माणूस कॅनडाचा नागरिक होऊन अमेरिकेत गेला, तरी सहसा भारताच्याच रांगेत उभा राहतो!

कॅनडात पीआर मिळालेल्याला पाच वर्षांतले १,०९५ दिवस तिथे काढले की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो दरवाजाही आता अर्धा लोटलाय, असं कोणी म्हणेल. खरं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने २०२५ चं पीआरचं लक्ष्य ५ लाखांवरून ३,९५,००० वर आणलं. परदेशी विद्यार्थ्यांवर मर्यादा त्याआधीच आली होती. कर्ज काढून तिकडच्या डिप्लोमाला गेलेल्या पोरांना माझा युक्तिवाद लागू नाही. त्यांच्या हातात पीआर नाही, आणि त्यांची अवस्था एच-वन-बीवाल्याहून बिकट आहे. ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स’ची अट मात्र सैल होतेय: ऑन्टारिओत इंजिनियरच्या परवान्यासाठी ती २०२३ मध्ये काढून टाकली.

तेव्हा पंचविशीतल्या, सडाफटिंग, चार पैसे गाठीला बांधून परतू पाहणाऱ्याने खुशाल अमेरिका गाठावी. दहा वर्षांची मुलगी असलेल्या जोडप्याने मात्र दोन देशांच्या पगारपत्रकांची तुलना करण्याआधी ती २१ ची कधी होते, ते मोजावं.