हवेची किल्ली कुणाच्या कमरेला?

दिवाळी अंकांच्या जाहिराती लागल्या की आमच्या अंगात काही ना काही संचारतेच. यंदा विज्ञानकथा संचारली. दरवर्षी त्याच त्या बिऱ्हाडाच्या गोष्टी वाचकांनी किती सोसायच्या, असे म्हणून मी बिऱ्हाडच उचलून मंगळावर नेले. पाच हजार माणसांची वसाहत, डोक्यावर काचेचा घुमट आणि कारभाराला एक सरकार. यान, घुमट, यंत्रमानव हे सारे एका रविवारात उरकले. घोडे पेंड खाऊ लागले ते सरकारपाशी.

प्रथम तेही मला सोपे वाटले होते. वर एक 'सर्वाध्यक्ष', त्याच्या हाताखाली अकरा शास्त्रज्ञांचे मंडळ आणि सर्वांना रुपेरी झगे. शहाणी माणसेच राज्य करणार म्हटल्यावर भांडणाला जागा कुठे उरते? हा मसुदा मी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरात वाचून दाखवला. सौभाग्यवती चकलीचे पीठ मळत होत्या. कन्या सोऱ्या पुशीत होती.

"अहो, पण तिथं श्वासाला हवा कुठली?" सौभाग्यवतींनी विचारले.

मला हेच हवे होते. मंगळाच्या वातावरणात शेकडा 95 भाग कार्बन डायऑक्साइड आहे, त्यातून यंत्राने प्राणवायू काढता येतो, हे मी समजावून सांगितले. ही काही थाप नव्हे. 2021 साली मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स' गाडीतल्या एका लहानशा पेटीने तो खरोखरच काढून दाखवला. 2023 पर्यंत सोळा वेळा ते यंत्र चालले आणि एकूण 122 ग्रॅम प्राणवायू हाती आला. माणसाला दिवसाला आठशे ग्रॅमच्या वर लागतो, हे मात्र मी हळू आवाजात सांगितले.

"आणि त्या यंत्राची किल्ली कुणाकडे?"

"अर्थात सर्वाध्यक्षांकडे."

"मग तुमचं ते मंडळ नुसतं शोभेचं! आपल्या टाकीची किल्ली विसरलात वाटतं?"

मी गप्प बसलो. आमच्या पूर्वीच्या इमारतीत पाण्याच्या टाकीची किल्ली एका गृहस्थांकडे असे. ते ना अध्यक्ष, ना चिटणीस. पण ज्या मजल्याशी त्यांचे बोलणे बंद होई, त्या मजल्याचे पाणीही बंद होई. कमिटी ठराव करी आणि आम्ही बादल्या घेऊन खाली जात असू. पाण्यावाचून माणूस दोन दिवस काढील. हवेवाचून?

मग थोरामोठ्यांनी आपापली सरकारे कशी उभारली ते पाहायला बसलो. ऑरवेलच्या 1949 सालच्या '1984' कादंबरीत चार खाती आहेत. खोटे छापते ते सत्य खाते, युद्ध चालवते ते शांतता खाते, टंचाई सांभाळते ते सुबत्ता खाते आणि छळ करते ते प्रेम खाते! दारावरची पाटी वाचून सरकार ओळखू नये, एवढे त्यावरून शिकलो. हाइनलाइन या अमेरिकन लेखकाने 1966 साली चंद्रावरची वसाहत रंगवली. तिथे तर हवेचेही पैसे मोजावे लागतात. राज्यघटना लिहायची वेळ येते तेव्हा त्यातले एक म्हातारे प्राध्यापक सल्ला देतात की, सरकारने काय करावे याची यादी राहू द्या, काय कधीच करू नये त्याची करा. उर्सुला ले ग्विन यांनी 1974 साली याच्याही पुढे जाऊन सरकार नसलेलेच जग निर्माण केले. कायदा नाही, तुरुंग नाही. तरी तिथल्या शेवेक नावाच्या शास्त्रज्ञाची वाट अडतेच. ती अडवतात शेजाऱ्यांची मते आणि बरोबरीच्यांची असूया. चाळीत वाढलेल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको.

किल्ली आपण होऊन सोडणारा राजा कथेतसुद्धा पटणार नाही, असे मला वाटत होते. पण तो तर आपल्या साताऱ्याकडेच होऊन गेला! औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली, गांधीजींचा सल्ला घेऊन, संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि त्यातून संस्थानाची, अशी ती पायापासून वर जाणारी रचना होती. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, पण प्रयोग होऊन गेला तो गेलाच.

तेव्हा मीही सर्वाध्यक्षाला वेसण घातली. त्याची मुदत पाच वर्षे ठरवली.

"बाबा, कुठली वर्षं?" कन्येने पेन्सिल काढली. "मंगळाचं वर्ष आपल्या 687 दिवसांचं. तुमचा सर्वाध्यक्ष पाच वर्षं म्हणून बसेल आणि सव्वानऊ वर्षांनीसुद्धा उठणार नाही."

"मग लोकांनी पृथ्वीकडे तक्रार करावी."

"निरोप पोचायला तीनपासून बावीस मिनिटं लागतात. उत्तर यायला पुन्हा तितकीच. तोवर हवा बंद असली तर?" असे म्हणून तिने माझ्याच कागदावर एक कलम लिहिले : 'ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, त्याचे म्हणणे निर्णयाच्या आधी ऐकले पाहिजे.'

"छान आहे," मी म्हणालो.

"हे कलम फक्त मंगळावरच का, बाबा?"

स्वयंपाकघरात एकदम शांतता झाली. आठ दिवसांपूर्वी तिने पुढच्या शिक्षणासाठी परगावी जाण्याची गोष्ट काढली होती. मी पानावरून न उठताच "नाही" म्हटले होते. का, ते सांगितले नव्हते आणि तिचे ऐकलेही नव्हते. फीची किल्ली माझ्या खिशात होती ना! त्या दिवसापासून पोर कामापुरतीच बोलत होती. ती दमून येते, असे मी समजत होतो.

त्या रात्री आमच्या घरी पहिली सुनावणी झाली. ती अर्धा तास बोलली. वसतिगृहाचा खर्च, गाडीच्या वेळा, शिष्यवृत्तीचा अर्ज, सारे तिने कागदावर मांडून ठेवले होते. तो कागद आठ दिवस तिच्या वहीत पडून होता. मी अजून 'हो' म्हटलेले नाही, हिशेब जुळवतो आहे. पण ते 'नाही' तेवढे परत घेतले आहे.

विज्ञानकथा अर्थातच राहिली. संपादकांना हीच हकीकत पाठवतो आहे. सर्वाध्यक्षाकडून हवेची किल्ली काढून ती तिघांत वाटली, एवढी प्रगती मात्र झाली. चकल्यांच्या कपाटाची किल्ली अजून सौभाग्यवतींच्याच कमरेला आहे, आणि त्यांची मुदत कोणत्या ग्रहाच्या वर्षांनी मोजायची, हे विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही.